दीड पान

दादा आमचा धार्मिक गट सोडून गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला तातडीची मीटिंग लागली. दादा म्हणजे सख्खा भाऊ नाही, मला गटात आणणारा, बोट धरून सगळं शिकवणारा, नऊ वर्षांनी मोठा, म्हणून दादा. मीटिंगमध्ये फार बोलणं झालंच नाही. वरिष्ठांपैकी एक ताई उठल्या, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ असतो एवढं एकच वाक्य बोलल्या, मग प्रत्येकाच्या हातात एकेक फुलस्केप कागद दिला आणि म्हणाल्या की त्याच्यातला अहंकार तुम्हाला पहिल्यांदा कधी जाणवला ते लिहा. जाणवला का, असं नाही हं. कधी जाणवला.

आता खरं सांगतो, मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. पहिली पाच मिनिटं मी वर तारीख टाकून, समास आखून नुसता बसलो होतो. शेजारचा मात्र मान खाली घालून भराभरा लिहीत होता, आणि परीक्षेत होतं ना तसं झालं, त्याला येतंय आणि मला येत नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. मग आठवलं की एकदा प्रवचन चालू असताना दादानं घड्याळात बघितलं होतं. लिहिलं. मग आठवलं की एका नवीन आलेल्याचा उच्चार त्यानं चारचौघांत सुधारला होता. तेही लिहिलं. मग आठवलं की एकदा मी त्याला नमस्कार केला तेव्हा त्याचं लक्षच नव्हतं, तो कुठलीतरी वायर जोडत होता, पण कागदावर ते ‘नमस्काराची दखल घेतली नाही’ असं उतरलं. एकदा सुरुवात झाली की पेन थांबत नाही हो. दीड पान झालं. आणि सगळ्यात घाण भाग हा की पहिलं वाक्य लिहिताना मला माहीत होतं आपण खोटं लिहितोय, आणि खाली सही करेपर्यंत मला ते सगळं खरं वाटायला लागलं होतं.

त्यानंतर आणखी साडेचार वर्षं मी तिथे होतो. एकूण अकरा. मग मीही निघालो, कसा ते परत कधीतरी. पण त्या रात्रीचा एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आम्ही चाळीसएक माणसं होतो आणि तो एकटा होता. त्यानं काही पळवलं नव्हतं, कुणाला फोन केले नव्हते, पेपरात काही दिलं नव्हतं, भांडलासुद्धा नव्हता, चाव्या टेबलावर ठेवून निघून गेला होता. तरी त्या हॉलमध्ये जी भीती होती ती मी परत कुठे बघितलेली नाही. एवढं कशाला घाबरायचं एका माणसाला?

मी बाहेर पडल्यावर या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो आणि लक्षात आलं की आमचा गट काही स्पेशल वगैरे नव्हता. माणसावर घट्ट पकड ठेवणारे धार्मिक गट जगात जिथे जिथे आहेत तिथे तिथे सगळ्यात जास्त राग आतून बाहेर गेलेल्यावर असतो. बाहेरच्या टीकाकारावर नाही, नास्तिकावर नाही, दुसऱ्या धर्माच्या माणसावर तर नाहीच. बाहेरचा बोलला तर ‘त्याला काय कळणार, तो कुठे कधी आत आला होता’ या एका वाक्यात त्याचा निकाल लागतो. गेलेल्याच्या बाबतीत हे वाक्य चालत नाही, कारण तो आला होता, राहिला होता, सगळं केलं होतं, आणि दादाच्या बाबतीत तर आमच्यापेक्षा चांगलं केलं होतं. म्हणून मग त्याच्यासाठी वेगळं हत्यार लागतं.

अमिश लोकांचं बघा, अमेरिकेत जुन्या पद्धतीनं राहणारा हा ख्रिस्ती पंथ. या लोकांत वाळीत टाकायची प्रथा इतकी मुळापासूनची आहे की १६९३ मध्ये याकोब आमान आपल्या लोकांना घेऊन वेगळा झाला त्या फाटाफुटीत हाच मोठा मुद्दा होता, बहिष्कार किती कडक पाळायचा हा. पण गंमत कुठे आहे, तर त्यांच्या घरात जन्मलेला मुलगा मोठा झाल्यावर बाप्तिस्मा न घेताच निघून गेला तर त्याच्यावर बहिष्कार पडत नाही. आईवडलांना वाईट वाटतं, पण तो घरी येऊ जाऊ शकतो. बाप्तिस्मा घेतला, शब्द दिला आणि मग गेला तर मात्र बहिष्कार. म्हणजे न मानणं हा गुन्हाच नाही, मानून मग न मानणं हा गुन्हा आहे. नव्या करारातही पेत्राच्या दुसऱ्या पत्रात अगदी हेच आहे, की नीतिमार्ग कळून त्याच्याकडे पाठ फिरवण्यापेक्षा तो कळलाच नसता तर बरं झालं असतं, आणि लगेच पुढे ओकारीकडे परत वळणाऱ्या कुत्र्याची आणि चिखलात लोळायला जाणाऱ्या डुकरिणीची उपमा. न आलेल्याला कुणी कुत्रा म्हणत नाही, गेलेल्याला म्हणतात.

आणि हे फक्त धर्मातच होतं असंही नाही, माणसाचा स्वभावच आहे तो. १९८८ मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी याला ‘काळी मेंढी परिणाम’ असं नाव दिलं. आपल्यातला माणूस चुकीचा वागला तर आपण त्याला परक्यापेक्षा जास्त कडक मार्क देतो, कारण परक्यामुळे आपलं नाव खराब होत नाही, आपल्यातल्यामुळे होतं. आपल्या भाषेत बघा ना, शत्रूला शत्रू एवढाच शब्द, पण आतल्याला फितूर, घरभेदी, फुटीर, अस्तनीतला निखारा, काय काय. बिभीषणाला तर चिरंजीव करून टाकलं, लंकेचं राज्य दिलं, देवाच्या बाजूनं उभा राहिला बिचारा, तरी कुणी मुलाचं नाव बिभीषण ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही.

या सगळ्यात मला सर्वात जास्त धक्का एका जुन्या कागदानं दिला. २७ जुलै १६५६ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज ज्यू समाजानं स्पिनोझाला, पुढे मोठा तत्त्वज्ञ झाला त्याला, बहिष्कृत केलं त्याचा हुकूमनामा. पोरगा २३ वर्षांचा होता तेव्हा, एक ओळ छापून आलेली नव्हती त्याची. त्या कागदात शाप भरपूर आहेत, दिवसा शापित असो, रात्री शापित असो, झोपताना असो, उठताना असो. पण त्यानं नेमकं केलं काय, तर ‘भयंकर पाखंड’ आणि ‘राक्षसी कृत्यं’ एवढंच. कुठलं पाखंड, कुठली कृत्यं ते नाही. शेवटी मात्र सूचना एकदम नेमक्या, कुणी त्याच्याशी तोंडी किंवा लेखी संबंध ठेवू नये, कुणी त्याच्यावर मेहेरबानी करू नये, त्याच्याबरोबर एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत जाऊ नये आणि त्यानं लिहिलेलं काही वाचू नये. आपण ‘चार हात लांब राहा’ सहज म्हणून जातो, इथे ते अक्षरशः मोजून दिलंय. मी तो मजकूर वाचत होतो आणि मला आमच्या मीटिंगनंतरच्या सूचना आठवत होत्या. फोन आला तर उचलू नका, रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूला जा, त्याचं पत्र किंवा ईमेल आलं तर न उघडता वरिष्ठांना द्या. साडेतीनशे वर्षांचं अंतर, आणि नियम तेच. सूचना कुणासाठी आहेत ते पण बघा. स्पिनोझानं काय करायचं किंवा करायचं नाही याबद्दल त्या शेवटच्या सूचनांत काहीच नाही. सगळे नियम मागे राहिलेल्यांना आहेत.

तर मूळ मुद्दा असा की गेलेल्याचं गेलेपण समजावून कसं सांगायचं. गट म्हणतो आमच्याकडे पूर्ण सत्य आहे, ज्याला ते मिळालं तो कधी सोडणार नाही. आणि एकानं तर सोडलं. आता तीनच शक्यता उरतात. एक तर सत्यातच काहीतरी गडबड आहे, ही शक्यता तर बोलायचीच नाही. दुसरी, तो कधी आपला नव्हताच. ही फार जुनी युक्ती आहे, योहानाच्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, ते आपल्यातूनच निघाले पण ते आपले नव्हते, आपले असते तर आपल्याबरोबर राहिले असते. लॉजिक म्हणून बघा किती पक्कं आहे, याला कुठून धक्काच देता येत नाही, कारण जाणं हाच पुरावा. आणि तिसरी शक्यता, त्याच्यातच काहीतरी बिघडलं. अहंकार, वासना, पैसा, मनाचा आजार, काहीतरी क्षुल्लक कारण. आमच्या फुलस्केप कागदाचं काम ते होतं.

क्षुल्लक कारण शोधण्याचा माझा सगळ्यात आवडता नमुना (आवडता काय, पण कळलं तुम्हाला) अमेरिकेत सुरू झालेल्या मॉर्मन पंथाच्या इतिहासातला आहे. थॉमस मार्श हा काही साधासुधा मेंबर नव्हता, त्यांच्या बारा प्रेषितांच्या मंडळाचा अध्यक्ष होता. १८३८ मध्ये मिसूरी राज्यात मॉर्मन आणि बाकीचे लोक यांच्यात मारामाऱ्या, जाळपोळ चालू होती आणि आपलेच लोक गॅलॅटिन गावावर चालून गेले, घरं लुटली जाळली, हे त्याला पटलं नाही. तो बाहेर पडला आणि ऑक्टोबर १८३८ मध्ये त्यानं याबद्दल शपथपत्र दिलं, त्याला ऑर्सन हाईड या दुसऱ्या प्रेषितानंही दुजोरा दिला. एवढं गंभीर कारण. आणि पुढच्या पिढ्यांना प्रवचनांत सांगितलं काय गेलं, तर दुधाची गोष्ट. मार्शची बायको आणि शेजारीण यांनी चीज करायला आळीपाळीनं दूध एकत्र करायचं ठरवलं होतं, आणि मार्शच्या बायकोनं धार काढताना शेवटी येणारं साईचं घट्ट दूध बाजूला काढून ठेवलं, त्यावरून भांडण, ते भांडण चर्चच्या वरच्या मंडळापर्यंत गेलं, निकाल विरोधात लागला, आणि त्या रागात मार्शनं धर्म सोडला. ही गोष्ट १८५६ मध्ये, म्हणजे तब्बल १८ वर्षांनंतर, जॉर्ज ए. स्मिथ नावाच्या नेत्यानं प्रवचनात सांगितली आणि मग ती इतकी चालली की मार्श म्हटलं की दूध. भांडण झालंही असेल, बायका-बायकांचं होतं, पुरुषांचंही होतं. पण शपथपत्रात जळलेली घरं आहेत आणि लोकांच्या लक्षात राहिली ती साय. मार्श १८५७ मध्ये थकून परत आला, माफीही मागितली, पण साय काही सुटली नाही.

माझ्या दीड पानात घड्याळ होतं. साय काय, घड्याळ काय.

सायंटॉलॉजी नावाच्या अमेरिकन पंथानं तर हे काम पार नियमच करून टाकलंय. त्याचा संस्थापक एल. रॉन हबर्ड यानं १९५९ च्या शेवटच्या दिवशी एक सूचनापत्रक काढलं, त्याचा मथितार्थ असा की माणूस सोडून जातो तो स्वतःच्याच लपवलेल्या दुष्कृत्यांमुळे, आणि हा पक्का नियम आहे. म्हणजे कुणी निघाला की बाकीच्यांनी विचार करायचा तो एकच, यानं काय पाप केलं असेल. पुढे १९६७ च्या पत्रकात तर त्यांच्या शत्रू ठरलेल्या माणसाला फसवता येईल, कोर्टात खेचता येईल, त्याच्याशी खोटं बोलता येईल किंवा त्याला संपवता येईल अशी भाषा आहे. ‘फेअर गेम’ असं नाव त्या धोरणाला, म्हणजे ज्याची शिकार करायला हरकत नाही असा. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, हे शब्द वापरणं बंद केलं आणि कारण काय दिलं, तर त्यानं पब्लिक रिलेशन्स खराब होतात. आणि त्याच पत्रकात पुढे हेही लिहिलं की अशा माणसाला कसं वागवायचं याबद्दलचं बाकीचं धोरण मात्र रद्द होत नाही. संघटना म्हणते हे सगळं तेव्हाच संपलं, सोडून गेलेले म्हणतात नाव गेलं, वागणं राहिलं, आणि यावर कोर्टात किती वर्षं भांडणं झाली त्याला गणती नाही. मला त्यातला तो पब्लिक रिलेशन्सचा शब्द फार आवडतो, कारण एवढा प्रामाणिकपणा सहसा कागदावर येत नाही.

आणि यहोवाचे साक्षीदार हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या १५ जुलै २०११ च्या टेहळणी बुरुजात, म्हणजे त्यांच्या मासिकात, धर्मत्यागी लोकांना मनानं रोगी म्हटलंय आणि ते आपला रोग दुसऱ्यांना लावतात असं म्हटलंय. रोग हा शब्द मुद्दाम बघा. पाप्याशी तुम्ही वाद घालू शकता, रोग्याशी वाद कोण घालतं, त्याच्यापासून लांब राहतात. म्हणजे तो काय बोलतो ते खरं का खोटं हा प्रश्नच उरत नाही.

पण हे झालं बदनामी कशी करतात ते. भीती कशाची, ते मला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅशच्या प्रयोगातून कळलं, म्हणजे निदान मला तरी तसं वाटतं. १९५० च्या दशकातला प्रयोग, बऱ्याच जणांना माहीत असेल. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, सारखी कुठली ते सांगायचं, लहान पोरालाही येईल. खोलीत सात-आठ जण, पण खरा एकच, बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते मुद्दाम चुकीचं उत्तर देणार. आणि तो खरा माणूस डोळ्यांना स्वच्छ दिसत असूनही साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे जाऊन चुकीचं उत्तर द्यायचा. हे सगळ्यांना माहीत असतं, प्रत्येक मोटिव्हेशनल भाषणात असतं. पुढचं कुणी सांगत नाही. अ‍ॅशनं त्या टोळक्यात एकच माणूस खरं बोलणारा ठेवला, फक्त एकच, बाकी सगळे चुकीचेच, तर चुका चौथ्या हिश्श्यावर आल्या. सगळा दबाव फुटायला एक माणूस पुरला. आणि आता ऐका, अजून एका प्रयोगात तो खरं बोलणारा साथीदार मधेच उठून जायचा, काम आहे म्हणून खोली सोडून जायचा. तो गेल्यावर चुका वाढल्या, पण तो पाठ फिरवून बहुमताला जाऊन मिळाल्यावर जेवढ्या वाढायच्या तेवढ्या नाहीत. म्हणजे माणूस खोलीत नाही, खुर्ची रिकामी आहे, तरी त्याचा परिणाम मागे राहतो.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो. कारण मला ती रिकामी खुर्ची माहीत होती. दादा गेल्यावर त्याची जागा आम्ही कुणी घेत नव्हतो, मधे एक फट राहायची, आणि आठवड्याभरात वरिष्ठांनी खुर्च्यांची मांडणीच बदलून टाकली, गोलाऐवजी रांगा केल्या. तेव्हा वाटलं होतं जागेची सोय.

अ‍ॅशच्या नियमानं बघितलं तर त्या खुर्चीचा परिणाम कधी पुसतो? तो साथीदार बहुमताला जाऊन मिळाला तर, म्हणजे दादा परत येऊन माफी मागता झाला तर. नाहीतर दुसरा उपाय म्हणजे तो मुळात खरं बोलतच नव्हता हे सगळ्यांच्या गळी उतरवणं. आमच्याकडून कागद लिहून घेण्यात हीच हुशारी होती. वरिष्ठांनी सांगितलं असतं की दादा वाईट आहे, तर मला रात्री झोपताना शंका आली असती. पण मीच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं. आता दादा चांगला होता असं म्हणायचं तर मी खोटारडा ठरतो. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये मनातल्या विसंगतीचा सिद्धांत मांडला तो हाच की, दोन गोष्टी पटेनात तर माणूस जी बदलायला सोपी ती बदलतो. सही बदलता येत नाही. दादाबद्दलचं मत बदलता येतं.

आणि दुसरी भीती म्हणजे त्याला काय माहीत आहे ही. इथे लोकांना वाटतं काहीतरी भयंकर गुपित असणार, पैसे, बायका, तळघर. असतंही कुठे कुठे. आमच्याकडे नव्हतं. आमच्याकडे एक कॅसेट होती. दादाकडे जुन्या प्रवचनांच्या कॅसेट कॉम्प्युटरवर चढवायचं काम होतं, शेकडो कॅसेट, आणि त्यातल्या एकीत मोठ्यांनी, म्हणजे आमच्या गटाच्या प्रमुखांनी, स्वतःच्या आवाजात एक साल सांगितलं होतं, त्या सालापर्यंत जग बदलेल, तोपर्यंत घरं बांधू नका, पोरांच्या लांबच्या शिक्षणाचे बेत करू नका. ते साल येऊन गेलेलं. आणि मधल्या काळात आम्हाला शिकवलं जात होतं की असं साल कुणी कधी सांगितलंच नव्हतं, काही अतिउत्साही लोकांनी आपल्या मनानं काढलं. दादानं एका बैठकीत फक्त एवढंच विचारलं, “ही कॅसेट कॉपी करायची का नको?” बास. आरोप नाही, आवाज चढवणं नाही, ऑफिसातला माणूस विचारतो तसं विचारलं. कुणीच उत्तर दिलं नाही. महिन्याभरात तो गेला, गेला म्हणजे इतकं अवघड करून ठेवलं की गेला.

जुना माणूस म्हणजे जुनी कॅसेट. गट दर थोड्या वर्षांनी आपला इतिहास बदलत असतो, आणि आत असलेल्यांना तो बदलताना दिसत नाही कारण सगळे एकदमच बदलतात. बाहेर गेलेल्याकडे मात्र तो गेला त्या दिवशीची आवृत्ती तशीच राहते. रेमंड फ्रान्झचं उदाहरण याच्यासाठी वाचण्यासारखं आहे. हा माणूस यहोवाच्या साक्षीदारांच्या जगभरच्या नियामक मंडळात होता, म्हणजे अगदी टोकावर, सगळे नियम कसे ठरतात, मतदान कसं होतं, कोण काय बोललं, सगळं बघितलेला, आणि त्याचा सख्खा काका तेव्हा संस्थेचा अध्यक्ष. १९८० मध्ये त्याला मंडळातून बाहेर पडावं लागलं. मग १९८१ च्या सप्टेंबरमध्ये नियम आला की स्वतःहून राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही काढून टाकलेल्यासारखंच वागवायचं. आणि वर्षाच्या शेवटी फ्रान्झला बहिष्कृत केलं ते कशावरून, तर तो ज्याच्याकडे कामाला होता आणि ज्याच्या जागेत राहत होता, त्या राजीनामा दिलेल्या माणसाबरोबर हॉटेलात एका टेबलावर जेवला म्हणून. चाळीसएक वर्षांची सेवा आणि एक जेवण. पुढे त्यानं आतलं सगळं पुस्तकात लिहिलं, आणि मला तर वाटतं ते जेवण नसतं काढलं तर कदाचित तो गप्पही बसला असता, पण ते आपलं माझं मत.

भीती हाताबाहेर गेली की काय होतं तेही थोडं बोलायला हवं, पण थोडंच. १९७८ च्या ऑक्टोबरमध्ये सिनानॉन नावाच्या गटानं, जो व्यसनमुक्तीपासून सुरू झाला आणि पुढे स्वतःला धर्म म्हणवू लागला, त्यातून बाहेर पडलेल्यांच्या केस लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक सोडला, आणि त्याची शेपटीची खुळखुळी आधीच कापून टाकली होती म्हणजे आवाज येणार नाही. साप चावला, वकील वाचला. जपानमधल्या ओम शिनरिक्यो या पंथानं १९८९ मध्ये आपल्याच एका मेंबरला मारलं कारण त्यानं आतला एक मृत्यू बघितला होता आणि त्याला निघायचं होतं. आणि जोन्सटाऊन, जिम जोन्स या धर्मगुरूनं आपल्या अनुयायांसाठी वसवलेलं गाव, १८ नोव्हेंबर १९७८. तिथे गयानाच्या जंगलात हजाराच्या आसपास लोक होते, आणि अमेरिकन खासदार लिओ रायन भेटायला आला तेव्हा त्याच्याबरोबर परत जायला तयार झाले ते जेमतेम पंधरा-सोळा. हजारातले पंधरा-सोळा! कुठल्याही शाळेतून वर्षाला याहून जास्त पोरं नाव काढून जातात. जोन्सला ते सहन झालं नाही. धावपट्टीवर गोळ्या घातल्या, रायनसकट पाच जण गेले, त्यात निघालेल्यांपैकी एक बाईही होती, आणि गोळ्या घालणाऱ्यांतला एक तर ‘मलाही यायचंय’ म्हणून त्यांच्यातच मिसळून आला होता. त्याच संध्याकाळी गावात ९०९ माणसं मेली, बहुतेक विषानं, त्यात लहान मुलं किती तरी. ती पंधरा-सोळा माणसं गेली असती तर काय बिघडलं असतं, असं आपण बाहेरून म्हणतो. आतून ती खुर्ची दिसत असते.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर हा एकतर्फी रडगाण्याचा प्रकार होईल. काही समाजशास्त्रज्ञ, ब्रायन विल्सन वगैरे, म्हणतात की सोडून गेलेल्यांच्या साक्षी जपून घ्याव्यात, ते रागात असतात, नवीन जगात स्वतःला निर्दोष दाखवायला गोष्ट रंगवतात. मला हे आधी फार लागलं होतं. पण खोटं नाही ते. बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षात मी जे सांगत फिरायचो त्यात मी शून्य जबाबदार होतो, मला फसवलं, मला बांधून ठेवलं, मी मी मी. फुलस्केप कागदाची गोष्ट मी त्या वर्षात एकालाही सांगितली नाही. पण याचा अर्थ साक्ष टाकून द्यायची असा कसा होईल, घटस्फोट घेतलेल्या बाईचं ऐकायचं नाही आणि लग्नात असलेलीला विचारायचं तर तिचा नवरा शेजारी बसलाय, मग विचारायचं कुणाला? बहुतेक सोडणारे तर काही बोलतच नाहीत. आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मूनीजचा, म्हणजे कोरियातल्या मून यांच्या पंथाचा, अभ्यास केला, १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की बरेचसे लोक आपणहून, गाजावाजा न करता निघून जातात. बोलणारे थोडे. आणि गटांना हा फरक बरोबर कळतो. यहोवाच्या साक्षीदारांनी २०२४ मध्ये नियम जरा सैल केले, काढून टाकलेला माणूस सभेला आला तर त्याला दोन शब्द बोलून या म्हणता येईल. पण शिकवणीच्या विरोधात बोलणारा धर्मत्यागी असेल तर नाही. पाप केलं असेल तर या, बसा. प्रश्न विचारला असेल तर चार हात लांब.

आमच्या गटात दादाबद्दल पुढे बऱ्याच बातम्या यायच्या. तो आजारी आहे, त्याची नोकरी गेली, बायको सोडून गेली, अगदी वाळून गेलाय, कुणीतरी बघितलं म्हणे, दाढी वाढलेली, नजर भिरभिरती. मी अकरा वर्षं पूर्ण करून बाहेर पडलो आणि सहा महिने हिंमत गोळा करून त्याला भेटलो तेव्हा दार त्यानंच उघडलं आणि मला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर त्याचं पोट. मस्तपैकी सुटलेलं. बायको आत टीव्ही बघत होती. मला हसू येईना आणि रडू येईना.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, “दादा, तुला एक सांगायचंय. तू गेल्यावर आमच्याकडून लिहून घेतलं होतं.”

“माहितीये. किती लिहिलंस?”

“दीड पान.”

“काय काय?”

मी घड्याळाचं सांगितलं, उच्चाराचं सांगितलं, नमस्काराचं सांगितलं. तो ऐकत होता आणि मधेच म्हणाला, “घड्याळाचं खरंय रे, फार कंटाळा आला होता त्या दिवशी.” मग उठून खिडकी बंद करून आला, बसला, आणि म्हणाला की त्यानं स्वतः आधी तिघांवर लिहिलं होतं. एकावर तर चार पानं, आणि ती कमी पडली म्हणून परत बोलावून आणखी दोन लिहून घेतली होती.

“कुणावर?”

“माझ्या आधी कॅसेटचं काम ज्याच्याकडे होतं ना, तो.”

नाव काय त्याचं विचारलं तर त्याला आठवेना. डोळे मिटून बराच वेळ बसला. आडनाव कशावरून तरी सुरू होतं, उंच होता, दम्याचा त्रास होता. नावच येईना. अक्षर मात्र आठवत होतं त्याला, सगळ्या जुन्या कॅसेटवरची लेबलं त्याच माणसानं लिहिलेली होती, निळ्या शाईत, आणि ‘श’ काढताना तो खाली एक छोटी गाठ मारायचा. दादानं टेबलावरच्या लाइट बिलाच्या पाठीमागे मला तो ‘श’ काढून दाखवला.